विषय संपला तरी कॅमेरा तिथेच का?

प्रश्न : सहकारी बँकेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. आमच्याकडे संध्याकाळच्या मालिका रोज चालू असतात, सिनेमा क्वचित. या दिवाळीत पुण्याची भाची राहायला आली आणि रोज रात्री जेवणं आटपली की आम्हा दोघांना काहीतरी वेगळं दाखवायचं तिने मनावर घेतलं. 'कोर्ट' झाला, 'द डिसायपल' झाला, 'पंचायत'चे बरेच भाग झाले आणि शेवटी 'ॲडोलसन्स' नावाची इंग्रजी मालिका. सगळं आवडलं. पण एका गोष्टीचं कुतूहल राहिलं. माणसांचं बोलून होतं, ती उठून जातात, तरी कॅमेरा आपला तिथेच. आमच्या हिने दोनदा विचारलं, "अडकलं का हो?" 'कोर्ट'मध्ये तर दिवे मालवले, पडदा काळा झाला, मी उठून हॉलमधला दिवा लावला आणि सिनेमा पुन्हा सुरू! हे मुद्दाम करतात का? कशासाठी? 'ॲडोलसन्स'चा एकेक भाग खरंच एकदाही न थांबता चित्रित केला आहे की त्यात काही हातचलाखी आहे? आमचे जावई म्हणतात, असले सिनेमे ते दीडपट वेगाने बघतात आणि काही बिघडत नाही. खरंच बिघडत नाही का? आणि आता पुढे काय बघावं, तेही सांगा.
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रातला तो अंधार मला सगळ्यात मोलाचा वाटला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. 'कोर्ट' एप्रिल २०१५ मध्ये चित्रपटगृहांत लागला तेव्हा मी ज्या खेळाला होतो, तिथेही तो अंधार झाल्यावर मागच्या रांगांतली माणसं उठली होती. काही जण पिशव्या आवरून जिन्यापर्यंत पोचले होते.

काय घडतं ते पुन्हा आठवून बघा. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. तारखांवर तारखा पडतात. शेवटी जामीन मिळत नाही आणि न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. न्यायाधीश उठतात, वकील फायली आवरतात, माणसं बाहेर पडतात, दिवे बंद होतात. दालन काळोखात जातं आणि दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे आपल्याला त्या काळोखात बसवून ठेवतो. आतापर्यंत प्रत्येक तारखेनंतर सिनेमा आपल्याला बाहेर घेऊन गेला होता, कधी बचावाच्या वकिलाच्या गाडीतून, कधी सरकारी वकील बाईंच्या लोकलमधून. या वेळी कोणीच आपल्याला सोबत नेत नाही. ज्याचा खटला आहे तो माणूस कोठडीत आहे आणि त्याच्यासाठी पुढची तारीख म्हणजे एवढाच, नुसता न सरणारा वेळ. त्या वेळेचा थोडासा वाटा आपल्याही अंगावर येतो.

त्यानंतर न्यायाधीश सहलीला निघालेले दिसतात. बस, नातेवाईक, रिसॉर्ट, गप्पा, बाकावरची दुपारची डुलकी. अंधार कापून टाकला असता तर ही सहल म्हणजे एका न्यायाधीशाची टिंगल होऊन बसली असती. अंधारातून आल्यामुळे ती तशी राहत नाही. एकाच महिन्याचे दोन अर्थ आपण लागोपाठ अनुभवतो आणि त्यावर कोणी भाष्य करत नाही. अगदी शेवटी झोपलेल्या न्यायाधीशांना पोरं ओरडून दचकवतात आणि ते एकाच्या मुस्कटात मारतात. ती चपराक जरा जास्त ठळक झाली, असं मानणारे रसिक मला भेटले आहेत. मला तसं वाटत नाही, कारण मारल्यावर ते पुन्हा डोळे मिटून घेतात आणि कॅमेरा पुन्हा थांबून राहतो. चपराकीपेक्षा नंतरची ती निवांत झोप मला जास्त बोचली.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे : हो, मुद्दामच करतात. कशासाठी, ते नीट कळायला आधी नेहमीची पद्धत काय असते ते पाहू.

बहुतेक सिनेमांत संकलक एक साधा हिशेब सांभाळतो. दृश्यातून प्रेक्षकाला जे कळायचं ते कळलं, की कट. दार उघडलं, निरोप दिला, चेहरा पडला, कट. यात वावगं काही नाही, सिनेमाची निम्मी गंमत या हिशेबात आहे. तुमच्या घरच्या संध्याकाळच्या मालिकांचा हिशेब आणखी वेगळा. तिथे निरोप एकदा आला तरी सासूचा चेहरा, सुनेचा चेहरा, दिराचा चेहरा, पुन्हा सासूचा चेहरा आणि प्रत्येकाला वेगळा ठोका. पुष्कळ लोक याला नावं ठेवतात, मी ठेवत नाही. दूरदर्शनवर १९९७ मध्ये 'दामिनी' सुरू झाली तेव्हापासून मराठी दैनंदिन मालिका ज्या बाईसाठी बनते ती पोळ्या लाटता लाटता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती बघते, खरं तर ऐकते. तिने मान वर केली की घडलेली गोष्ट पडद्यावर अजून असायला हवी. शिवाय रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग तयार करायचा, पुढच्या भागांची बँक सांभाळायची. या गरजांतून ती पद्धत घडली आहे आणि आपल्या कामापुरती ती चोख आहे.

पण या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. कुठे बघायचं आणि किती वेळ बघायचं, हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं. 'कोर्ट'चा कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही आणि हे काम तुमच्यावर सोपवतो.

खरं तर मराठी माणसाला हे अवघड जायला नको, कारण आपण नाटकावर वाढलो. रंगमंचावर कट नसतो. १९७२ मध्ये जब्बार पटेलांनी बसवलेलं 'घाशीराम कोतवाल' ज्यांनी पाहिलं त्यांना ती ब्राह्मणांची रांग आठवत असेल. तीच भिंत होते, तीच पडदा होते, तीच गर्दी. पुढे नाना फडणवीस काहीही करो, आपला डोळा मधूनच त्या रांगेतल्या एखाद्या चेहऱ्यावर जायचा. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त मोठी माणसं बोलत असताना कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाईकडे बघत राहण्याची मुभा प्रेक्षकाला होती आणि नाटक त्या मुभेवरच उभं होतं. ती सवय तुमच्याकडे आहे. तिकीट काढून नाट्यगृहात बसलो की ती आपोआप जागी होते, घरच्या कोचावर होत नाही, एवढंच.

आता 'कोर्ट'मधली शर्मिला पवार यांची साक्ष घ्या. मेलेल्या कामगाराची ही बायको. भूमिका केली आहे उषा बाणे यांनी, त्या व्यवसायाने अभिनेत्री नव्हेत. ती सांगते की नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळ वर आलं तर खाली हवा आहे असं समजायचा. दारू प्यायल्याशिवाय वास सहन व्हायचा नाही. एक डोळा गेलेला. हे सगळं ती विचारलं तेवढंच, सपाट आवाजात सांगते. ती बोलते, मग न्यायाधीश ते लघुलेखकासाठी त्यांच्या भाषेत सांगतात, मग पुढचा प्रश्न. या मधल्या जागा दिग्दर्शकाने कापलेल्या नाहीत. त्या जागांत ती बाई नुसती उभी असते. नेहमीच्या सिनेमात इथे तिच्या डोळ्यांचा क्लोजअप आला असता, मागे व्हायोलिन, आपल्यालाही भरून आलं असतं आणि रडून झाल्यावर आपण मोकळे झालो असतो. इथे तिचं सांगणं, कोणीतरी चाळत असलेले कागद आणि आपल्या तारखेची वाट बघत बसलेली माणसं हे सगळं एकाच चौकटीत, एकाच मापाचं दिसतं. झुरळाचा तो तपशील ऐकून खोलीत काहीही हलत नाही, हे आपल्या लक्षात येतं. ते लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून कॅमेरा थांबतो.

आणि 'विषय संपला' असं आपण कशाला म्हणतो, हाही प्रश्न आहेच. खटला हाच विषय मानला तर संध्याकाळी कामकाज थांबलं की दृश्य संपायला हवं. पण सरकारी वकील नूतन बाई (गीतांजली कुलकर्णी यांनी ती इतकी खरी केली आहे की त्यांना बघताना माझ्या ओळखीच्या तीन-चार बायका आठवल्या) लोकलमध्ये शेजारणीशी स्वयंपाकाच्या तेलाबद्दल बोलतात, घरी येऊन कुकर लावतात, सगळ्यांना वाढतात, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात. त्या नाटकात एका परप्रांतीय तरुणाला घराबाहेर काढतात आणि प्रेक्षागृह हसतं. बाई वाईट नाही. दमलेली, कामसू, मुलाबाळांची आई आहे. आणि तीच दुसऱ्या दिवशी कांबळेंना जामीन मिळू नये म्हणून एका सुरात कलमं वाचते. कॅमेरा कोर्टाच्या दारात थांबला असता तर आपण तिला खलनायिका ठरवून मोकळे झालो असतो. ताम्हाणे तिच्या मागे घरापर्यंत जातो, म्हणून तसं करता येत नाही.

नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये ते करोनाने गेले. अटकेनंतरही तो म्हातारा शिक्षक शांतपणे पुढचं काम हातात घेतो, ते बघताना हा माणूस नट नसून दुसऱ्याच कुठल्या शिस्तीत घडलेला आहे हे जाणवतं. असा माणूस चौकटीत असेल तर कॅमेऱ्याने लगबग न केलेलीच बरी.

'द डिसायपल'बद्दल तुम्ही फार काही लिहिलेलं नाही, पण संगीताची आवड असेल तर तो एकदा पुन्हा बघा. सुरुवातीला गुरुजी गात असतात आणि कॅमेरा हळूहळू, चोरपावलाने, मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शरद नेरूळकरकडे सरकतो. गाणाऱ्याकडे न जाता साथीला बसलेल्याकडे! सगळा सिनेमा त्या एका सरकण्यात आहे. गुरू झालेले अरुण द्रविड हे खरे गायक, शरद झालेला आदित्य मोडक खरा गायक, आणि शरद ज्यांची ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकत असतो त्या माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तो २०२१ च्या एप्रिलअखेर, भावे गेल्या त्याच महिन्यात. मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावर रात्री शरद मोटारसायकल चालवतोय, मागे तानपुरा आणि माईंचे कठोर शब्द, ही दृश्यं लांब आहेत. मला ती आणखी लांब असती तरी चालली असती. बैठकींच्या काही दृश्यांबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. शरदचं गाणं कुठे कमी पडतंय हे आपल्याला लवकर कळतं, पुढच्या दोन बैठकी तेच पुन्हा सांगतात. शेवटी लोकलच्या डब्यात गाणं म्हणत फिरस्ता येतो तिथे सिनेमा परत उंचीवर जातो, कारण इतकी वर्षं ज्याने गाणं जोखायचं शिक्षण घेतलं, तो माणूस आता नुसतं ऐकतोय आणि आपण त्याचं ऐकणं बघतोय.

भाचीच्या यादीत नसलेला एक सिनेमा मध्येच सांगतो, कारण थांबण्याचं इतकं प्रेमळ उदाहरण मी अलीकडे पाहिलं नाही. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापटांमधला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकाचे नियम, नातेवाइकांची लग्नाची टुमणी आणि बालपणीचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या हलक्या हाताने मराठीत याआधी आलेलं मला आठवत नाही. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो आणि माणसं आत येतात, बाहेर जातात, मागे रानातले आवाज. दुःखात माणूस काही करत नसतो, नुसता बसून असतो. त्या बसण्याला सिनेमात सहसा जागा नसते, इथे आहे. आई झालेल्या जयश्री जगताप मुलाकडे बघतात आणि काही विचारत नाहीत. मुलाबद्दल त्यांना किती ठाऊक आहे आणि किती मान्य आहे, ते सगळं त्या न विचारण्यात आहे. कट लवकर आला असता तर त्या नुसत्याच गप्प बसलेल्या बाई वाटल्या असत्या.

पण म्हणून थांबलेला प्रत्येक कॅमेरा शहाणा असतो असं मुळीच नाही, आणि हे मी जोर देऊन सांगतो, कारण महोत्सवांत हल्ली याची फॅशन झाली आहे. पाच मिनिटं झाड, पाच मिनिटं पाठमोरा माणूस, आणि प्रेक्षक चुळबुळला की त्यालाच कमी समजायचं. मी एक साधी कसोटी लावतो. दृश्य सुरू होताना मला जे दिसत होतं आणि ते संपताना जे दिसतंय, त्यात माझ्या समजुतीत काही बदल झाला का? शर्मिला पवारच्या साक्षीत झाला. कोर्टातल्या अंधारात झाला. बदल होत नसेल तर दिग्दर्शक स्वतःच्याच चौकटीच्या प्रेमात पडला आहे असं खुशाल समजावं. वेब मालिकांमध्ये दर भागाला दोन-चारदा गावावरून ड्रोन फिरवतात, त्यालाही हीच कसोटी लावा. बहुतेक वेळा गाव जेवढं आधी कळलं होतं तेवढंच नंतरही कळलेलं असतं.

उलट्या बाजूनेही हेच खरं आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा शेवट आठवा : जब्या दगड उचलतो, भिरकावतो, दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा. तिथे एक क्षणही जास्त थांबले असते तर दगड कोणाला लागला ते दिसलं असतं आणि आपण वाचलो असतो. 'सैराट'मध्ये त्यांनी वेगळंच काही कापलं. सिनेमाभर अजय-अतुलचं संगीत, त्यातल्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केलेला, सगळा पडदा सुरांनी भरून वाहणारा. आणि शेवटी नायक-नायिकेचं लहान मूल दारातून आत येतं तेव्हा आवाजच बंद. वाद्यं नाहीत, रडणंही नाही. कुठे थांबायचं आणि कुठे तोडायचं, हा निर्णय दोन्हीकडे सारख्याच गांभीर्याने घेतलेला आहे. तुम्हाला जो थांबलेला कॅमेरा खटकला, तो याच निर्णयाचा भाग.

'पंचायत'बद्दल थोडक्यात. पहिले दोन हंगाम मी मनापासून पाहिले, नंतरच्या दोन हंगामांत निवडणुकीच्या डावपेचांनी फुलेरा गावाची हवाच कोंडली, असं माझं मत आहे. पण दुसऱ्या हंगामाचा शेवटचा भाग मात्र कोणत्याही मोठ्या सिनेमाच्या शेजारी ठेवावा. इतके भाग हसवणारा उपप्रधान प्रल्हाद, त्याचा सैन्यातला मुलगा गेल्याची बातमी येते. विनोदी मालिका अशा वेळी घाई करते, कारण तिला पुन्हा हसण्याकडे वळायचं असतं. इथे घाई नाही. फैसल मलिक नावाच्या नटाने त्या भागात जवळजवळ काहीच केलेलं नाही, आणि त्या काहीच न करण्याला मालिकेने वेळ दिला.

आता 'ॲडोलसन्स'. हातचलाखी नाही. चारही भाग खरोखर एकेका सलग टेकमध्ये चित्रित झाले आहेत. दिग्दर्शक फिलिप बॅरँटिनी यांनी आधी २०२१ मध्ये 'बॉयलिंग पॉइंट' नावाचा एका उपाहारगृहातला सबंध सिनेमा असाच केला होता, इथे मुलाचे वडील झालेले स्टीफन ग्रॅहम त्यातही होते. इथे प्रत्येक भागासाठी आधी भरपूर तालमी, मग अख्खा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. चुकलं की सुरुवातीपासून. साधारण तासाभराचा भाग, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्यांचीही ती शारीरिक परीक्षाच. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, कधी गाडीत, कधी खिडकीतून पलीकडे. दुसऱ्या भागाच्या शेवटी शाळेपासून निघालेला कॅमेरा गावावरून उडत जाऊन खुनाच्या जागी उतरतो, ते तर चालू चित्रीकरणात कॅमेरा ड्रोनला अडकवून केलं आहे. हा ड्रोन मात्र माझ्या कसोटीला उतरला, कारण तो जिथे उतरतो तिथे खुनाचा आरोप असलेल्या मुलाचा बाप फुलं घेऊन आलेला असतो.

पण ही करामत मला दुय्यम वाटते. खरा उपयोग तिसऱ्या भागात दिसतो. तोच तेरा वर्षांचा मुलगा जेमी आणि मानसतज्ज्ञ ब्रायनी, एक खोली, एक टेबल. ओवेन कूपर हा मुलगा याआधी पडद्यावर आलेलाच नव्हता, आणि चित्रीकरण याच भागापासून सुरू झालं. या मालिकेसाठी वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला एमी पुरस्कार मिळाला. तो गोड बोलतो, खेकसतो, अंगावर धावून जातो, रडतो. कट नाही, म्हणजे ब्रायनीला सुटका नाही आणि आपल्यालाही नाही. शेवटी त्याला ओढत बाहेर नेतात. तुमच्या भाषेत, विषय संपला. कॅमेरा तिच्यापाशी राहतो. इतका वेळ आवाजाची पातळीही न बदलता बसलेली ही बाई आता कुठे श्वास घेते. समोर त्याच्यासाठी आणलेलं, अर्धवट खाल्लेलं सँडविच आहे. ती ते उचलायला जाते आणि हात मागे घेते. एवढ्या लहान मुलाच्या उष्ट्या घासाला हात लावताना एका मोठ्या, अनुभवी बाईला शिसारी यावी! तो मुलगा किती दूर गेला आहे, हे पहिल्या भागातल्या पोलिसांच्या पुराव्यापेक्षा मला या हालचालीतून कळलं. तुमच्या सौभाग्यवतींनी "अडकलं का" असं कुठे विचारलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. इथे विचारलं असेल, तर तेवढीच मिनिटं त्यांना पुन्हा दाखवा.

जावईबापूंच्या दीडपट वेगाबद्दल. ते एकटे नाहीत. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये वेग बदलण्याची चाचणी घेतली तेव्हा हॉलिवूडमधल्या दिग्दर्शकांनी उघड विरोध केला होता, तरी पुढच्या वर्षी ती सोय आलीच. ज्यांना कमी ऐकू येतं, किंवा जे भाषा शिकत आहेत, त्यांना वेग कमी करून बघता येणं ही मोठी सोय आहे आणि ती असायला हवी. वाढवलेल्या वेगाने बातम्या बघाव्यात, पाककृती बघावी. कथानक कळायलाही काही अडचण येत नाही, आणि जावई "बिघडत नाही" म्हणतात ते याच अर्थाने खरं आहे. पण 'कोर्ट'मधला अंधार दीडपट वेगाने बघितला तर तो अंधार एक तृतीयांशाने कमी होतो, आणि तिथे अंधाराची लांबी हीच गोष्ट आहे. 'द डिसायपल' दीडपट वेगाने लावला तर विलंबित ख्यालाचं काय होईल, हे त्यांना एकदा घरीच ऐकवून दाखवा. वाद घालावा लागणार नाही.

वेगाइतकाच महत्त्वाचा मुद्दा पडद्याच्या आकाराचा. भाचीने टीव्हीवर लावून दिलं हे फार बरं केलं. 'कोर्ट', 'साबर बोंडं' यांच्या चौकटी चित्रपटगृहाच्या भिंतीएवढ्या पडद्यासाठी मांडलेल्या आहेत. लांबून घेतलेल्या दृश्यात कोपऱ्यातला माणूस तिथे आपल्या उंचीचा दिसतो, टीव्हीवर वीतभर आणि मोबाइलवर मोहरीएवढा. मोहरीकडे मिनिटभर बघत बसायला कोणालाच आवडणार नाही. अशा सिनेमांना कंटाळवाणं म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी ते हातातल्या फोनवर पाहिलेले असतात, आणि त्यांचा कंटाळा अगदी खरा असतो. शक्य असेल तेव्हा मोठा पडदा, नसेल तर टीव्ही, खोलीतला दिवा मंद आणि आवाज थोडा मोठा. आवाजाचं विशेष सांगतो : चित्र थांबलेलं असतं तेव्हा काम कान करत असतात. पंखा, बाहेरची रहदारी, दुसऱ्या खोलीतली भांडी. 'कोर्ट'मध्ये पार्श्वसंगीताची जागा या आवाजांनीच घेतली आहे. शाहिराची गाणी आहेत ती संभाजी भगत यांनी केलेली, आणि तीही मंचावर प्रत्यक्ष गायली जातात तेवढीच.

पुढे काय बघावं? तुम्ही मिरजेचे, तेव्हा घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरण्याची सवय असेल. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' बघा. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ मध्ये बालपरीक्षकांनी त्याला स्फटिक अस्वल दिलं, आपल्याकडे तो पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लागला. वडील गेलेला मुलगा, बदलीची नोकरी करणारी आई, नवी शाळा, नवे मित्र आणि कोकणचा पाऊस. अविनाश मुळात छायालेखक, इथेही कॅमेरा त्यांचाच. आई झालेल्या अमृता सुभाष कार्यालयात आणि घरात एकट्या असतात, ती दृश्यं सौभाग्यवतींना जास्त भिडतील असा माझा अंदाज आहे. त्यानंतर उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर'. दोन भावंडं, सुट्टीतलं घर, लग्नाची गडबड आणि मग एक मृत्यू. तो 'किल्ला'पेक्षा अवघड आहे, म्हणून दुसरा. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' भाचीसोबत बघा, कारण तो मुंबईत एकट्या राहणाऱ्या बायकांचा आहे आणि तिला त्यावर बोलायला खूप काही असेल. त्याला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाली. उत्तरार्ध रत्नागिरीकडचा आहे आणि छाया कदम यांची पार्वती पडद्यावर आली की नजर दुसरीकडे जात नाही.

या वेळी अडकल्यासारखं वाटलं, तर रिमोट उचलण्याआधी चौकटीच्या कडांकडे बघा. मध्यभागी जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. कडेला कोणीतरी अजून उभं असतं. कोणतं दृश्य सापडलं आणि कोणतं तरीही कंटाळवाणंच वाटलं, दोन्ही कळवा. कंटाळवाण्याबद्दल जरा सविस्तर लिहा, मला त्याची उत्सुकता जास्त आहे.